हद्दीपलीकडच्या गावाचे म्हणणे : गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
यांस,



गणेशोत्सव तोंडावर आला, किंवा एखाद्या महापालिकेच्या निवडणुकीची अधिसूचना निघाली, की आमच्या वर्तमानपत्रांच्या जिल्हा-पानांवर एक ठरावीक बातमी दिसू लागते : अमुक पोलीस ठाण्याच्या हद्दीतील इतके सराईत गुन्हेगार दोन वर्षांसाठी तडीपार. इसमांची नावे असतात, त्यांच्यावरील गुन्ह्यांची यादी असते, हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दाही असतो. परंतु ही माणसे गेली कोठे, हे त्या बातमीत कधीही नसते. हा दोष बातमीदाराच्या माथी मारता येणार नाही, कारण ज्या हुकुमावरून त्याने बातमी लिहिली त्या हुकुमातही ते नसते, आणि ज्या कायद्याच्या आधारे हुकूम निघाला त्या कायद्याने त्याची आवश्यकताच मानलेली नाही. माणसाला एका मुलखातून काढून देताना तो दुसऱ्या कोणत्या तरी मुलखात जाणारच, आणि त्या मुलखालाही काही म्हणणे असू शकते, ही साधी गोष्ट आपल्या राज्याच्या कायदेपुस्तकात गेली सत्तरहून अधिक वर्षे लिहावयाची राहून गेली आहे. तीच आपल्या नजरेस आणून देण्यासाठी हा पत्रप्रपंच.

१९५१ सालचा मुंबई पोलीस कायदा, ज्याला आता आपण महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतो, त्याची ५५, ५६ आणि ५७ ही कलमे आपल्या खात्याला तोंडपाठ असतील. मी ती आपल्याला सांगत नसून या पत्राच्या इतर वाचकांसाठी येथे मांडीत आहे. पहिले कलम टोळ्यांसाठी, दुसरे ज्याच्या वावरण्याने लोकांच्या जीविताला वा मालमत्तेला धोका उत्पन्न होतो अशा इसमासाठी, आणि तिसरे पूर्वी शिक्षा भोगलेल्यांसाठी. पोलीस ठाण्याने प्रस्ताव तयार करावा, वरिष्ठांनी चौकशी करावी, इसमाला नोटीस देऊन त्याची कैफियत ऐकावी, आणि मग शहरात पोलीस उपायुक्ताने किंवा ग्रामीण भागात उपविभागीय दंडाधिकाऱ्याने, म्हणजे लोकांच्या भाषेत प्रांतसाहेबांनी, हुकूम काढावा, अशी ही रीत आहे. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षे. हुकूम मोडून परत आल्यास दोन वर्षांपर्यंत कैद. अपील करावयाचे तर तीस दिवसांच्या आत, राज्य शासनाकडे किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. कलम ५६ अन्वये इसमाने कोणत्या मार्गाने निघून जावे आणि किती मुदतीत जावे हेही अधिकाऱ्याला ठरवून देता येते; मार्ग सांगण्याची, वेळ सांगण्याची तजवीज त्यात आहे, मात्र पोचावयाचे कोठे, याविषयी ते मूक आहे.

आता हा हुकूम जमिनीवर कसा उतरतो ते पाहावे. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे जिल्हा यांच्या हद्दीतून तडीपार झालेला एक रिक्षावाला कल्पनेत आणावा. सातारच्या रस्त्याने सारोळ्याचा पूल ओलांडून नीरा नदीच्या पलीकडे पाऊल टाकले, की पुणे जिल्हा संपला आणि हुकुमाची तामिली पुरी झाली. शिरवळच्या स्टँडवर पिशवी घेऊन उतरलेला हा माणूस कायद्याच्या दृष्टीने आता निर्दोष वर्तन करीत आहे. पण त्याच्या रिक्षाचा परवाना पुण्याच्या प्रादेशिक परिवहन क्षेत्रापुरताच असल्यामुळे त्याचा धंदा नदीच्या अलीकडे राहिला. खोली भाड्याने घ्यावी, तर घरमालक भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावयाची म्हणून कागद मागतो, आणि ते कागद ठाण्यात पोचले की खोलीही जाते. कारखान्यात काम मागावे, तर चारित्र्य पडताळणीचा दाखला हवा. त्याच्यावरचे खटले पुण्याच्याच न्यायालयात चालू असल्याने प्रत्येक तारखेला जिल्ह्यात शिरण्याची परवानगी घ्यावी लागते, मतदानासाठीही तेच, आणि घरात कोणी आजारी पडले तरी तेच. सर्व सरळ वाटा अशा बंद झाल्यावर, आणि स्वारगेटकडे जाणारी एस. टी. स्टँडवर उभी असताना, तो काय करील, याचे उत्तर त्याच जिल्हा-पानावरील दुसऱ्या एका ठरावीक बातमीत असते : तडीपार गुंड शहरात फिरताना जेरबंद. आणि तो परत गेला नाहीच, तर शिरवळमध्ये उपाशीपोटी, ओळखीपाळखीवाचून आणि जुन्याच हुन्नराच्या जोरावर तो काय करील, हे विचारण्याचा अधिकार शिरवळकरांना असूनही त्यांना ते कोणी कधी विचारू दिलेले नाही.

शासनाचे यावर एक जुने उत्तर आहे, ते असे की हद्दपारी ही शिक्षा नव्हेच. तो केवळ प्रतिबंधक उपाय आहे. युक्तिवाद म्हणून हे ठीक आहे, परंतु ज्याचे घर, धंदा आणि माणसे दोन वर्षांसाठी तुटतात त्याला या भेदाचे समाधान वाटावे अशी अपेक्षा कोणीही समंजस मनुष्य करणार नाही. शिवाय इतिहासाची एक विलक्षण विसंगती येथे नोंदविण्याजोगी आहे. भारतीय दंडविधानातील काळ्या पाण्याची शिक्षा स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५५ च्या दुरुस्तीने रद्द केली आणि तिच्या जागी जन्मठेपेची कैद ठेवली. म्हणजे ज्या खुनी माणसाला न्यायाधीशासमोर, उघड पुराव्याने, वकिलाच्या साक्षीने दोषी ठरविले त्यालाही देशाबाहेर वा मुलखाबाहेर टाकून देणे हे सुसंस्कृत राज्याला शोभत नाही असा निर्णय आपण घेतला. आणि ज्याच्यावरचा गुन्हा अद्याप शाबीतच झालेला नाही त्याला, न्यायाधीशाकडे न जाता, एका अधिकाऱ्याच्या सहीने मुलखाबाहेर काढण्याची सत्ता मात्र आपण जपून ठेवली.

काळ्या पाण्याची ही शिक्षा जगभर कशी लयाला गेली याचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. ती धाडणाऱ्यांच्या दयाबुद्धीने जितकी संपली त्याहून अधिक ती घेणाऱ्यांच्या नकाराने संपली. १८२५ पासून हिंदुस्थानातील कैदी सिंगापुरास पाठविले जात. त्यांत मुंबई इलाख्यातलेही होते. त्यांनी तेथील रस्ते बांधले, दलदली बुजविल्या, आणि आज त्या शहराचे भूषण मानले जाणारे सेंट अँड्रूजचे चर्चही त्यांच्याच हातांनी उभे राहिले. असे असूनही १८५७ नंतर तेथील व्यापारी आणि रहिवासी तक्रार करू लागले की आमचे बंदर म्हणजे हिंदुस्थान सरकारच्या नकोशा माणसांचे कोठार नव्हे. १८६७ मध्ये तो मुलूख कलकत्त्याच्या अंमलातून निघून थेट विलायतेच्या वसाहत खात्याकडे गेला, आणि १८७३ पर्यंत ही कैद्यांची वसाहत आवरण्यात आली.

याहून निश्चयाचा नकार दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीने दिला. १८४९ च्या सप्टेंबरात ‘नेपच्यून’ नावाचे जहाज सुमारे पावणेतीनशे कैदी घेऊन सायमनच्या उपसागरात दाखल झाले. वसाहतवाल्यांनी प्रतिज्ञा केली की कैदी उतरू द्यावयाचे नाहीत, आणि ते उतरावेत म्हणून झटणाऱ्या सरकारी अंमलदारांना भाजी, मांस, धान्य काहीही विकावयाचे नाही. दुकाने बंद झाली आणि सभांमागून सभा भरल्या. जहाज पाच महिने नांगर टाकून तसेच उभे राहिले आणि अखेरीस १८५० च्या फेब्रुवारीत तेथून व्हॅन डीमेन्स लँडकडे निघून गेले. पार्लमेंटात या लोकांची बाजू मांडणाऱ्या चार्ल्स ॲडर्ली यांचे नाव त्यांनी कृतज्ञतेने आपल्या राजधानीच्या मुख्य रस्त्याला दिले, आणि तो रस्ता आजही त्याच नावाने ओळखला जातो. ज्या व्हॅन डीमेन्स लँडवर हे ओझे उतरले त्या मुलखाने तीनच वर्षांनी, १८५३ मध्ये, कैद्यांची आयात बंद पाडली, आणि त्या कलंकित इतिहासाची आठवण नको म्हणून १८५६ मध्ये स्वतःचे नाव बदलून टास्मानिया असे घेतले. १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात शेवटचे जहाज लागले आणि इंग्लंडला आपले कैदी आपल्याच तुरुंगांत ठेवण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ज्या मुलखाला बोलावयाला तोंड होते, त्याने हद्दपारी नाकारली; आणि नाकारल्यानंतरच धाडणाऱ्या सरकारला आपल्या तुरुंगांची सुधारणा सुचली.

आपल्या महाराष्ट्राला तर या प्रकरणाच्या दोन्ही बाजू परिचित आहेत. सातारचे छत्रपती प्रतापसिंह महाराज १८३९ मध्ये पदच्युत होऊन काशीस गेले आणि १८४७ मध्ये तेथेच निवर्तले. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात आपले गुन्हेगार गोव्यास आणून सोडले, आणि विसाव्या शतकात गोव्याचे देशभक्त टी. बी. कुन्हा यांना पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. परंतु सर्वांत बोधप्रद उदाहरण रत्नागिरीचे आहे. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून काढले आणि मद्रासमार्गे पुढील वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. तो १९१६ मध्ये तेथेच वारला. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढीत होते, त्या काळी मंडालेचा राजा रत्नागिरीत बसून होता. साम्राज्याच्या या अदलाबदलीतील अन्यायाविषयी येथे लिहिण्याचे कारण नाही. ते सर्वांना विदित आहे. मला दुसरीच गोष्ट दाखवावयाची आहे. थिबाला कोठे ठेवावयाचे ते सरकारने ठरविले होते. त्याला तनखा होता, देखरेखीला अधिकारी होता, आणि उशिरा का होईना, १९१० मध्ये त्याच्यासाठी राजवाडा बांधून तयार झाला होता. परकीय, जुलमी आणि स्वार्थी अशा त्या सरकारनेही आपण हलविलेल्या माणसाच्या मुक्कामाची आणि पोटाची जबाबदारी दप्तरात नोंदविली होती. आणि रत्नागिरीनेही आपल्या परीने त्या घराण्याला सामावून घेतले : थोरल्या राजकन्येची मुलगी तेथेच, मराठी बोलत, चारचौघींसारखा संसार करीत वृद्ध झाली. धाडणाऱ्याने जबाबदारी घेतली आणि ठेवून घेणाऱ्या गावाला माणूस कोण आहे हे ठाऊक असले, तर निर्वासनातही मनुष्यपण टिकते. आपल्या आजच्या तडीपारीत धाडणारे जबाबदारी घेत नाहीत, आणि ज्या गावात माणूस जातो त्या गावाला त्याची दखलही दिली जात नाही.

एका चाळीत, एका वस्तीत वा एका बाजारपेठेत एखाद्या दादाची दहशत किती खोलवर जाते हे मी जाणतो. हप्ता न दिल्यामुळे टपरी फुटलेला दुकानदार, संध्याकाळी कोपऱ्यावरून मुलीला एकटी पाठवू न शकणारी आई, फिर्याद दिली तर उद्या आपले काय होईल या भीतीने जबाब फिरविणारा शेजारी, यांच्यासाठी तडीपारीचा हुकूम म्हणजे दोन वर्षांचा मोकळा श्वास असतो, आणि तो श्वास खोटा आहे असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. कायद्याचे सारे समर्थनही याच भीतीवर उभे आहे : साक्षीदार उघडपणे पुढे येत नाहीत, म्हणून त्यांचे जबाब गुप्तपणे नोंदवावे, इसमाला केवळ आरोपांचा सर्वसाधारण आशय कळवावा, आणि खटल्यावाचून त्याला दूर करावे. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये मुंबईच्याच एका प्रकरणात हे समर्थन मान्य केले. मात्र हा असाधारण कायदा असाधारण प्रसंगांसाठीच आहे, हेही सांगून ठेवले. त्या प्रकरणाचा तपशील मोठा मार्मिक आहे. बृहन्मुंबईतून काढलेल्या त्या इसमाला प्रथम अमृतसरला, त्याच्या मूळ गावी, जाण्यास फर्माविले होते. पुढे त्याच्या विनंतीवरून त्याला कल्याणास राहण्याची मुभा मिळाली. म्हणजे मुंबईला जो माणूस इतका धोकादायक वाटला की त्याला पंजाबात धाडावे, तोच लोकलने दीड तासाच्या अंतरावरील कल्याणकरांच्या शेजारी राहण्यास योग्य ठरला. कल्याणच्या जीविताला आणि मालमत्तेला धोका नव्हता काय, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारल्याचे त्या निकालपत्रात दिसत नाही. घरातला केर शेजाऱ्याच्या दारात लोटल्याने घर झाडल्याचा देखावा होतो; आणि येथे तर प्रश्न केराचा नसून माणसाचा आहे.

न्यायालयांना या अस्त्राच्या दुरुपयोगाची जाणीव नव्हती असे नाही. १९५६ मध्ये ५७ व्या कलमाची वैधता बहुमताने उचलून धरली गेली, तेव्हा न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी आपले भिन्न मत नोंदविले. १९८० मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यापुढे दिल्लीतील एका गरीब पाणी-सरबत विक्रेत्याचे प्रकरण आले. पोलिसांनी त्याला वर्षानुवर्षे हुकमी साक्षीदार म्हणून हजारो खटल्यांत वापरले होते, आणि तो खोटी साक्ष देण्याचे नाकारू लागताच त्याच्याच हद्दपारीची कारवाई सुरू झाली होती. आणि अगदी अलीकडे, २०२२ च्या जानेवारीत, जालना जिल्ह्यातील एका तरुणाच्या हद्दपारीचा हुकूम रद्द करताना न्यायमूर्ती अभय ओक यांनी स्पष्ट केले की हा उपाय नागरिकाच्या देशभर संचार करण्याच्या मूलभूत हक्कावर घाला घालतो, तो विरळा वापरावा, आणि दोन वर्षांची कमाल मुदत लावावयाची तर तशी कारणे हुकुमात दिसली पाहिजेत. निवडणुकीच्या आणि सणांच्या आधी घाऊक संख्येने निघणारे हुकूम हे ‘विरळा’ या शब्दात कसे बसतात, हे आपल्या खात्याने सांगावे.

साक्षीदारांची भीती हे जे मूळ कारण, त्याला १९५१ मध्ये उपाय नव्हता, असे क्षणभर मान्य करू. आज तो आहे. महाराष्ट्राने साक्षीदारांच्या संरक्षणासाठी २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अशी योजना अधिसूचित करणे हे प्रत्येक राज्याचे कर्तव्यच ठरविले आहे. साक्षीदाराला संरक्षण द्यावे, त्याची साक्ष न्यायाधीशासमोर व्हावी, आरोप सिद्ध झाला तर गुंडाने तुरुंगात जावे आणि न झाला तर घरी जावे, हा सरळ मार्ग खुला असताना, साक्षीदाराला आहे तेथेच भीतीत ठेवून गुंडाला नदीपलीकडे सोडून येणे हा आडमार्ग का पत्करावा? दोन वर्षांनी तो गुंड त्याच चाळीत परत येतोच. साक्षीदाराची भीती तेवढ्याने सरत नाही, ती फक्त दोन वर्षे लांबणीवर पडते.

याच महाराष्ट्राने जातपंचायतींच्या वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध सामाजिक बहिष्कारबंदीचा स्वतंत्र कायदा केला, आणि असा कायदा करणारे आपण देशात अग्रेसर ठरलो, याचा आम्हाला सार्थ अभिमान आहे. पंचांनी बंद दाराआड, नाव न सांगता आलेल्या तक्रारीवरून, एखाद्या कुटुंबाला गावापासून तोडू नये असे आपण गावकीला शिकविले. गावकीने उलट विचारले की सरकारही असेच करीत नाही काय, तर आपले उत्तर तयार असावयास हवे.

हद्दपारीची ही कलमे एका रात्रीत पुसून टाका, असे मी म्हणत नाही, कारण तसे होणार नाही हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्या अधिकारात, काही परिपत्रकाने आणि काही दुरुस्ती-विधेयकाने, चार गोष्टी होण्याजोग्या आहेत. पहिली : साक्षीदारांना संरक्षण देऊन खटला चालविणे का शक्य नाही, याची कारणे लिहिल्यावाचून हद्दपारीचा कोणताही प्रस्ताव ठाण्याने वर पाठवू नये. दुसरी : प्रत्येक हुकुमात इसमाचा मुक्काम कोठे असेल ते नमूद व्हावे, त्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाचे म्हणणे आधी मागवावे, आणि तेथे त्याला काम व निवारा मिळण्याची किमान तजवीज हुकूम काढणाऱ्यानेच करावी; ज्याला ही तजवीज जमत नाही त्याने हुकूमही काढू नये. तिसरी : न्यायालयाच्या तारखा, मतदान, आजारपण आणि घरचा मृत्यू यांसाठी प्रवेशाची मुभा हुकुमातच लिहिलेली असावी, तिच्यासाठी माणसाला प्रत्येक वेळी अर्ज घेऊन उंबरे झिजवावे लागू नयेत. चौथी, आणि आपल्याला सर्वांत अवघड वाटेल अशी : आज हद्दपारीविरुद्धचे अपील राज्य शासनाकडे किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते, ते काढून जिल्हा सत्र न्यायाधीशाकडे द्यावे, कारण शासनाच्या अधिकाऱ्याच्या हुकुमावर शासनानेच न्याय देणे हे आपल्यालाही सोयीचे असले तरी शोभणारे नाही.

या चारांपैकी दुसरी मागणी मान्य झाली, तर बाकीच्या आपोआप मार्गी लागतील असा माझा अंदाज आहे. ज्या दिवशी पुण्याच्या अधिकाऱ्याला सातारच्या अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी लागेल की अमुक इसम आपल्या हद्दीत ठेवता काय, आणि सातारा तितक्याच लेखी उत्तरात ‘नाही’ म्हणू शकेल, त्या दिवशी तडीपारीच्या हुकुमांची संख्या किती उतरते ते आपण स्वतः मोजून पाहावे. केपच्या व्यापाऱ्यांनी पाच महिने दुकाने बंद ठेवून जे मिळविले, ते आपल्या छत्तीस जिल्ह्यांना आपण एका सहीने देऊ शकता. तसे केल्यास गुंडगिरी वाढेल अशी भीती आपले अधिकारी आपल्याला घालतील. तेव्हा त्यांना एवढेच विचारावे की गुंडगिरी कमी झाली ती कोणत्या गावात, आणि वाढली ती कोणत्या गावात, याचा हिशेब आजवर आपण ठेवला आहे काय.



आपला,
एक नागरिक